पहिल्यासारखे गा ना!

चकलीची भाजणी हा मराठी घरात थट्टेचा विषय नाही. एखाद्या हौशी सुनेने यंदा भाजणीत जरासा फरक केला, तर चकली कितीही खुसखुशीत होवो, घरातले एखादे वडीलधारे माणूस तुकडा मोडून म्हणणारच, “छान झाली आहे हो! पण ही आपली चकली नव्हे.” चकली वाईट झाली अशी ही तक्रार नाही. आपल्या जिभेने वर्षानुवर्षे जपलेली चव आपल्याला न विचारता कुणी बदलली, हे त्यातले दुखणे आहे.

गाण्याच्या बाबतीत हे दुखणे फारच हळवे होते. आवडत्या गाणाऱ्याने सूर पालटला की रसिकाला घरातले माणूस दुरावल्यासारखे वाटते. या दुखण्याची सर्वांत गाजलेली हकीकत इंग्लंडातील बीटल्स मंडळींची आहे. दिवाळी अंकाच्या निमित्ताने ती सांगावी असे मनात आले.

जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार ही लिव्हरपूलची चार पोरे. दोन गिटारी, एक बास गिटार, एक ढोलांचा ताफा आणि एकमेकांत मिसळलेले गोड गळे, एवढेच त्यांचे भांडवल. ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात त्यांनी आपल्या पहिल्या मोठ्या तबकडीसाठी दहा गाणी ध्वनिमुद्रित केली. अडीच मिनिटांचे गाणे, त्यात एक मुलगा, एक मुलगी आणि थोडे प्रेम. बाकी भानगड नाही. वर्षभराने, फेब्रुवारी १९६४ मध्ये, ते अमेरिकेत टेलिव्हिजनवर गायले, तेव्हा सात कोटींहून अधिक लोक तो कार्यक्रम पाहत होते. तेथून पुढे ही चौकडी जेथे जाई तेथे मुलींच्या किंकाळ्या उठू लागल्या.

या किंकाळ्यांकडे वाचकांनी जरा लक्ष द्यावे. माझ्या मते सगळ्या गोष्टीची किल्ली त्यांच्यात आहे. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये पंचावन्न हजारांहून अधिक श्रोते जमले. श्रोते म्हणायचे ते केवळ रीत म्हणून, कारण ऐकत कुणीच नव्हते. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून रंगमंचावर त्याच्याकडे तोंड करून कर्णे ठेवण्याची सोयही त्या काळी नव्हती. गाणे कुठवर आले आहे, हे मागे बसलेला रिंगो पुढच्या तिघांच्या अंगांच्या हालचालींवरून ताडत असे. गाणाऱ्यांना गाणे ऐकू येत नाही आणि ऐकणाऱ्यांनाही येत नाही. सगळा व्यवहार प्रेमाचा; पण गाणे मात्र कुणाच्याच पदरात पडत नाही!

मग ज्याला गाण्याची भूक आहे त्याने काय करावे? तो दार लावून घेतो. बीटल्सनी लंडनच्या स्टुडिओचे दार लावून घेतले आणि आत निराळेच काही शिजू लागले. १९६५ च्या अखेरीस ‘रबर सोल’मध्ये एका गाण्यात चक्क सतार वाजली. ऑगस्ट १९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’मध्ये एका गाण्याला केवळ आठ तंतुवाद्यांची साथ होती, चौघांपैकी एकानेही त्यात वाद्याला हात लावला नव्हता. दुसऱ्या एका गाण्यात फितीचे तुकडे उलटसुलट फिरवून काढलेले चमत्कारिक आवाज होते. तिसऱ्यात तबला होता, आणि तबलजी म्हणून तबकडीच्या वेष्टनावर अनिल भागवत हे नाव छापले होते. ते नाव वाचून मला अजूनही उगाचच बरे वाटते. त्या उन्हाळ्याच्या दौऱ्यात मात्र ‘रिव्हॉल्व्हर’मधले एकही गाणे त्यांनी लोकांपुढे गायले नाही. २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत दौऱ्यातला अखेरचा कार्यक्रम झाला आणि दौरे कायमचे संपले.

लगेच सप्टेंबरात जॉर्ज मुंबईला आला, रविशंकरांकडे सतार शिकायला. कुणी ओळखू नये म्हणून त्याने मिशा राखल्या होत्या आणि ‘ताज’मध्ये खोटे नाव लावले होते. पण मुंबईकरांच्या नजरेतून कोण सुटतो? ओळख फुटली, हॉटेलबाहेर पोरापोरींची गर्दी झाली आणि शेवटी गुरुशिष्यांना काश्मीरची वाट धरावी लागली. या मिशा ध्यानात ठेवा. त्यांच्यावरून पुढे परदेशात गहजब व्हायचा आहे.

फेब्रुवारी १९६७ मध्ये नवी छोटी तबकडी आली. एका बाजूला ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ आणि दुसऱ्या बाजूला ‘पेनी लेन’. पहिल्या गाण्यात निरनिराळ्या लयीचे आणि निरनिराळ्या पट्टीचे दोन भाग जोडून एक केले होते. ऐकणाऱ्याला पाण्याखालून ऐकल्यासारखे वाटावे! चार वर्षे ज्यांची प्रत्येक नवी छोटी तबकडी इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर जात होती, त्यांची ही तबकडी दुसऱ्या क्रमांकावर अडकली. मार्चमध्ये अमेरिकेतील एका टेलिव्हिजन कार्यक्रमात या गाण्यांच्या फिल्म दाखवून समोर बसलेल्या तरुण मंडळींना त्यांचे मत विचारले गेले. गाण्याची गोष्ट राहिली बाजूला. कुणाला मिशा खटकल्या, कुणाला ही पोरे एकदम आजोबांसारखी दिसू लागली, तर कुणी त्यांचे दिवस संपले असा निकाल देऊन टाकला.

या पोरांना हसण्याचा मोह मला होत नाही. जी मुलगी १९६४ साली तेरा वर्षांची होती, ती आता सोळाची झाली होती. त्या तीन वर्षांत तिने खाऊचे पैसे साठवून तबकड्या घेतल्या असतील, भिंतीवर चित्रे चिकटवली असतील आणि त्यापायी बापाची बोलणी खाल्ली असतील. ते गाणे आता केवळ चार गवयांचे राहिले नव्हते, त्यात तिच्या वयाची तीन वर्षे जमा होती. मिशांवरचा तिचा राग हा त्या तीन वर्षांसाठीचा राग होता.

आणि गंमत अशी की, ज्या गाण्यांना ती परकी म्हणत होती, ती गाणीही कुणाच्या तरी जुन्या दिवसांचीच होती! पेनी लेन हा लिव्हरपुलातला साधा रस्ता. स्ट्रॉबेरी फील्ड हा लेननच्या बाळपणीच्या घराजवळचा मुलांचा आश्रम. त्याच्या आवारात तो खेळायला जात असे. म्हणजे चाहत्यांना तीन वर्षांपूर्वीचे बीटल्स हवे होते, आणि बीटल्सना त्याही मागचे आपले लहानपण. दोघेही मागेच पाहत होते. फक्त त्यांचे मुक्काम निराळे.

पुढची कथा याहून मौजेची. जून १९६७ मध्ये ‘सार्जंट पेपर’ ही मोठी तबकडी निघाली. पहिल्या तबकडीची दहा गाणी एका दिवसात उरकणाऱ्या या मंडळींनी या वेळी पाच महिने घेतले. तिच्यावर लोक अक्षरशः तुटून पडले. न्यूयॉर्क टाइम्समध्ये रिचर्ड गोल्डस्टीन या तरुण टीकाकाराने मात्र ती फाजील लाडाने बिघडलेली ठरवली. झाले! वाचकांच्या संतापाच्या पत्रांचा पाऊस पडला. आपल्या यंत्राचा एक स्पीकर तेव्हा बिघडलेला होता, असे त्याने पुढे सांगितले. वाद्यांची नवलाई म्हणजे थेरे, असे मार्चमध्ये म्हणता येत होते. जूनमध्ये तसे म्हणणाऱ्याची धडगत नव्हती. तीन महिन्यांत नवे ते ‘आपले’ झाले होते आणि त्याचे रक्षण करायला नवे चाहते दंड थोपटून उभे होते.

शेवटी ‘पहिल्यासारखे गा ना’ हा हट्ट खुद्द बीटल्सनीच धरला. जानेवारी १९६९ मध्ये त्यांनी ठरवले की आता जोडकाम नको, करामती नकोत. पूर्वीसारखे एकत्र उभे राहून वाजवायचे. ३० जानेवारीला लंडनमधील आपल्या कचेरीच्या गच्चीवर ते थंडीत वाजवले. खाली रस्त्यावर गर्दी जमली आणि पोलीस वर आले. पण त्या ध्वनिमुद्रणांतून ‘लेट इट बी’ ही तबकडी मे १९७० मध्ये बाहेर पडली, तेव्हा एका निर्मात्याने तीत मागाहून वाद्यवृंद मिसळला होता. पॉलला ते मुळीच रुचले नाही. तोवर चौघांची वाट निराळी झालीही होती. ज्यांनी तो पहिला आवाज निर्माण केला, त्यांनाही तो परत आणता आला नाही!

माझी नात कॉलेजात जाते. तिने बीटल्सची सगळी गाणी दोन-चार दिवसांत फोनवर ऐकून टाकली. १९६३ ची आणि १९६७ ची शेजारीशेजारी. मी तिला मिशांची हकीकत सांगितली, तेव्हा ती म्हणाली, “आजोबा, दोन्ही छान आहेत की! यात भांडण्यासारखे काय होते?” तिचा प्रश्न बरोबर आहे. पण तिला भांडण कळत नाही, कारण त्या गाण्यांची वाट पाहत ती कधी बसली नाही. वाट पाहणाऱ्यालाच रुसावे लागते.

म्हणून मी म्हणतो, तुमच्या लाडक्या गाणाऱ्याने उद्या ढंग बदलला तर खुशाल रुसा. तो हक्क तुम्ही प्रेमाने कमावला आहे. मात्र शे स्टेडियममधील त्या पंचावन्न हजारांची आठवण ठेवा. त्यांना तो जुना आवाज प्राणापलीकडे प्रिय होता, आणि त्यांच्याच किंकाळ्यांत तो बुडून गेला. तेव्हा रुसण्यापूर्वी घटकाभर गप्प बसून नवे गाणे शेवटपर्यंत ऐका. आणि हो, यंत्राचे दोन्ही स्पीकर चालू आहेत ना, तेवढे एकदा पाहून घ्या.