पेटींतला परकायाप्रवेश

आमच्या माजघरांत, देवघराच्या भिंतीला लागून असलेल्या फळीवर, तीन शिंगांची एक पेटी गेलीं आठ-नऊ वर्षें बसून आहे. तिला घरांत कोणी राउटर म्हणत नाहीं. वहिनी तिला 'वायफायची पेटी' म्हणतात आणि मुलें नुसतीच 'पेटी'. ती चालू असते तोंवर तिची कोणास आठवण होत नाहीं. बंद पडली म्हणजे मात्र चौदा माणसांच्या या घरांत चार खोल्यांतून एकदम हांका उठतात. या महिन्यांत त्या पेटीविषयीं लिहावें असा बेत आहे. विषय यंत्राचा आहे म्हणून वाचकांनीं पान उलटूं नये. यंत्राइतकाच माझ्या चुकीचाही भाग त्यांत आहे.

माझ्या वडील बंधूंची नात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत शिकते. घरांतील सर्व मुलांत ती मोठी, म्हणून आम्ही सारेच तिला ताई म्हणतों. गेल्या श्रावणांत एके दिवशीं तिनें ती पेटी उलटी करून तिच्या पोटावरील चिठ्ठी वाचली आणि मला म्हणाली, "भाऊआजोबा, हिच्या कंपनीनें हिच्याकडे लक्ष देणें केव्हांच सोडलें आहे. हिच्या आंतलें सॉफ्टवेअर कित्येक वर्षांत बदललेलें नाहीं."

मीं म्हटलें, "चालते आहे ना? मग तिला कशाला हात लावतेस?"

"चालते आहे. पण तिचें दार उघडें आहे कीं बंद, हें कोण पाहणार?"

हें दाराचें प्रकरण मला तेव्हां कळलें नव्हतें. तिनें समजावलें तें असें. ही पेटी म्हणजे नुसती तारांची जोडणी नव्हे, एक पुरता संगणकच आहे. आमच्या पेटींत १२८ मेगाबाइट स्मृति व १६ मेगाबाइट कायमची सांठवण आहे. म्हणजे हल्लींच्या मोबाइलवर काढलेलीं चार-पांच छायाचित्रें मावतील एवढी जागा! तेवढ्यांत सारा प्रपंच. या संगणकाचें एक तोंड आमच्या घराकडे आणि दुसरें साऱ्या जगाकडे. जगाकडच्या तोंडाला एखादी फट राहिली आणि ती बुजविणारा कोणी नसला, तर कोण आंत शिरेल याचा नेम नाहीं. २०१६ सालीं 'मिराई' नांवाच्या उपद्रवी प्रोग्रामनें कांहीं लाख कॅमेरे, राउटर व तत्सम यंत्रें अशींच ताब्यांत घेतलीं. त्याची युक्ति कांहीं फार खोल नव्हती. कारखान्यांतून येतांना यंत्राला जो पासवर्ड दिलेला असतो, तो पुष्कळ लोक बदलतच नाहींत. असे साठांवर ठराविक पासवर्ड घेऊन हा प्रोग्राम दारोदार फिरे आणि जें दार उघडे तेथें ठाण मांडी. त्या वर्षीं २१ ऑक्टोबरला या सैन्यानें डिन नांवाच्या कंपनीवर हल्ला चढविला आणि अमेरिकेंतील लोकांना ट्विटरसारखीं मोठीं संकेतस्थळें कांहीं तास मिळेनाशीं झालीं. ज्यांच्या घरचीं यंत्रें या दरोड्यांत सामील होतीं, त्यांना बिचाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

मग करावयाचें काय? पेटी फेंकून नवी आणावी, हा चिरंजीवांचा सल्ला. ताईचें म्हणणें निराळें. शरीर धडधाकट आहे, आंतला आत्मा तेवढा थकला आहे, तो बदलावा. आद्य शंकराचार्यांनीं अमरुक राजाच्या मृत देहांत प्रवेश केल्याची आख्यायिका आपणां सर्वांस ठाऊक आहे. हा परकायाप्रवेश घरच्या टेबलावर करतां येतो, आणि त्यासाठीं 'ओपनडब्ल्यूआरटी' नांवाची, अशा लहान यंत्रांकरितां बांधलेली लिनक्सची एक आवृत्ति फुकट मिळते, असें तिनें सांगितलें.

फुकट म्हटलें कीं माझ्यासारख्या माणसाला आधीं संशय येतो. म्हणून तिच्याकडून मीं या गोष्टीचा इतिहास काढून घेतला. तो ऐकण्यासारखा आहे.

लिनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्स लिहावयास घेतलें, आणि पुढच्याच वर्षीं त्याला 'जीपीएल' नांवाचा परवाना लावला. हा परवाना मूळचा रिचर्ड स्टॉलमन यांचा. त्याची पहिली आवृत्ति १९८९ ची. त्याचें सार असें: हें सॉफ्टवेअर खुशाल घ्या, बदला, विका, परंतु तें ज्याला द्याल त्याला त्याचा मूळ पाठही मागेल तेव्हां द्या, आणि तुम्हांला मिळालेली मोकळीक त्यालाही असूं द्या. 'पाठ' हा शब्द मीं मुद्दाम योजला. माझ्या लहानपणीं आमच्या गांवीं एक वैद्य होते. त्यांच्या काढ्यानें हट्टी ताप उतरत असे. काढ्याचा पाठ विचारला तर ते नुसते हंसत. एक दिवस ते गेले, आणि त्यांच्याबरोबर काढाही गेला. विद्या झांकून ठेवण्याच्या या खोडीनें आपलें केवढें नुकसान झालें, हें संस्कृताच्या विद्यार्थ्यानें तरी विसरूं नये.

आतां राउटराची गोष्ट. लिंकसिस या कंपनीनें २००२ च्या अखेरीस 'डब्ल्यूआरटी५४जी' नांवाची निळी-काळी, दोन शिंगांची पेटी बाजारांत आणली. २००३ सालीं सिस्को या मोठ्या कंपनीनें लिंकसिस विकत घेतली; आणि त्याच वर्षीं लिनक्सवर काम करणाऱ्या मंडळींच्या ध्यानांत आलें कीं, पेटींत लिनक्स आहे पण त्याचा मूळ पाठ कोठेंच दिलेला नाहीं. बरीच लिहापढी झाली, ओरड झाली, आणि अखेर कंपनीनें पाठ प्रसिद्ध केला. पाठ हातीं येतांच जगभरच्या हौशी लोकांनीं त्या पेटीकडून कंपनीच्या स्वप्नींही नसलेलीं कामें करून घेतलीं. त्यांतूनच २००४ च्या आरंभीं ओपनडब्ल्यूआरटीचा जन्म झाला. पुढें २००५ सालीं कंपनीनें त्याच नांवाच्या पेटींतील लिनक्स काढून दुसरी प्रणाली घातली व आंतील स्मृतिही निम्मी केली. परंतु लिनक्स हवें असणाऱ्यांची गर्दी पाहून, शेवटीं एक अक्षर वाढविलेली 'डब्ल्यूआरटी५४जीएल' ही पेटी त्यांच्यासाठीं वेगळी विकावयास ठेवली! परवान्याचा वाद तेवढ्यावर मिटला नाहीं. डिसेंबर २००८ मध्यें फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननें सिस्कोवर दावा लावला आणि मे २००९ मध्यें तडजोड झाली. एका काढ्याच्या पाठासाठीं एवढें कोणी भांडलें असतें तर!

त्याच कंपनीची २००४ सालची 'एनएसएलयू२' ही दुसरी पेटी मला फार आवडली. हार्ड डिस्क घरच्या जाळ्याला जोडणें एवढेंच तिचें काम. ३२ मेगाबाइट स्मृति व ८ मेगाबाइट सांठवण. हौशी मंडळींनीं तिला लाडानें 'स्लग', म्हणजे बिनशंखाची गोगलगाय, असें नांव ठेवलें आणि तिच्यांत डेबियन नांवाचें संपूर्ण लिनक्स चालवून दाखविलें. आरंभींच्या पेट्यांतला प्रोसेसर मुद्दाम अर्ध्या वेगानें चालविलेला असे, आणि एक इवलासा रेझिस्टर उपटून टाकला कीं गोगलगाय दुप्पट वेगानें धांवूं लागे. विकत घेतलेल्या वस्तूंत आपलाच निम्मा वेग कोणीतरी बांधून ठेवलेला असावा, याची गंमत वाटते आणि थोडा रागही येतो.

असो. हा इतिहास ऐकल्यावर माझा विरोध मावळला, आणि एका शनिवारीं रात्रीं साडेआठास ताईनें काम आरंभिलें. चिठ्ठीवरचें नांवच नव्हे, तर त्यापुढचा आवृत्तीचा आंकडाही तिनें दोनदां ताडून पाहिला. कारण एकाच नांवाच्या दोन पेट्यांचें अंतरंग अगदीं निराळें असूं शकतें. लॅपटॉप तारेनें जोडला. नवें सॉफ्टवेअर पेटींत उतरूं लागलें. हें लिहिलें जात असतां वीज जाऊं नये, हा या शास्त्रांतला पहिला नियम. आमच्या घरीं इन्व्हर्टर आहे. परंतु त्या फळीजवळचा प्लग इन्व्हर्टरच्या वायरींत नाहीं, ही गोष्ट घरांतील चौदांपैकीं एकालाही ठाऊक नव्हती. ती त्या रात्रीं कळली. वीज गेली आणि मोजून चार मिनिटांनीं आली. पेटीचा एक दिवा लागला. बाकीचे लागले नाहींत. या कलेंतील लोक अशा पेटीला 'वीट' म्हणतात.

दुसऱ्या दिवशीं रविवार असूनही सूनबाईंची सकाळीं सात वाजतां परदेशांतील वरिष्ठांशीं बैठक ठरलेली होती. त्या बसतात ती मागची खोली जुन्या दगडी भिंतींची. तेथें मोबाइलला धड संदेशही येत नाहीं. सर्वांचे चेहरे पाहून माझा तोल गेला. सगळ्यांसमक्ष मी ताईला म्हणालों, "जें आपल्याला जोडतां येत नाहीं, तें मोडूं नये. इतकीं वर्षें चालत होती. तुझा हात लागला आणि गेली."

ती कांहीं बोलली नाहीं. पानावरही बसली नाहीं. वहिनींनीं मात्र ताक वाढतां वाढतां विचारलें, "भाऊजी, वीज काय तिनें घालवली?"

याला मजपाशीं उत्तर नव्हतें. आणि त्या रात्रीं अंथरुणावर पडल्यावर मला १९९३ सालचा एक मुलगा आठवला. शाळेचा टेपरेकॉर्डर बंद पडला होता. नववींतल्या या मुलानें मधल्या सुट्टींत तो उघडून त्याचे भाग ओळीनें कागदावर मांडले होते. मीं कांहीं न विचारतां त्याला चार छड्या मारल्या. दुसऱ्या दिवशीं दुकानांतील कारागिरानें तो तपासला आणि आंतील रबरी पट्टा निसटला आहे, एवढेंच सांगितलें. त्या मुलानें निसटलेला पट्टा कागदावर वेगळा काढून ठेवलेला मीं माझ्या डोळ्यांनीं पाहिला होता. मीं ही गोष्ट त्याला कधीं सांगितली नाहीं. तो पुढें काय झाला, मला ठाऊक नाहीं.

मी उठून माजघरांत आलों. ताई जमिनीवर बसून मोबाइलवर कांहीं वाचीत होती. मीं म्हटलें, "माझी चूक झाली." ती म्हणाली, "तें राहूं द्या. हें बटण दाबून धराल का? मला दोनच हात आहेत."

पेटींत सर्वांत आधीं जागा होणारा एक चिमुकला प्रोग्राम असतो. त्याला बूटलोडर म्हणतात. त्याची जागा निराळी असल्यामुळें बाकीचें सारें बिघडलें तरी तो बहुधा शाबूत राहतो. आमच्या पेटींत अशी सोय आहे कीं, मागचें बटण दाबून धरून वीज सुरूं केली म्हणजे हा बूटलोडर ठराविक पत्त्यावरच्या संगणकापाशीं ठराविक नांवाची फाईल मागतो. लॅपटॉपला तो पत्ता दिला, फाईलला तें नांव दिलें, आणि मी पेनच्या टोकानें बटण दाबून बसलों. पहिल्या पांच खेपा फुकट गेल्या. कधीं मी बटण लवकर सोडी, कधीं तिची खटपट क्षणभर मागें पडे. सहाव्या खेपेस लॅपटॉपवर अक्षरें सरकूं लागलीं. बाराला दहा मिनिटें कमी असतां एकामागून एक सारे दिवे लागले. सूनबाईंची बैठक वेळेवर झाली. रात्रींचा प्रकार त्यांना दुपारीं जेवतांना कळला.

नव्या आत्म्याची रचना मास्तराला पसंत पडेल अशीच आहे. मूळ भाग पुसतां न येण्याजोगा, छापील पुस्तकासारखा. आपण केलेले बदल त्याच्यावर एका निराळ्या थरांत, समासांतल्या पेन्सिलीच्या टिपांसारखे. कांहीं बिघडलें तर पेन्सिल खोडावी, पुस्तक जसेंच्या तसें. एक तोटा सांगितला पाहिजे: कंपनीच्या सॉफ्टवेअरांत वेग वाढविण्याची जी खास युक्ति होती तिचा पाठ खुला नाहीं, त्यामुळें फार वेगवान जोडणींत ही पेटी थोडी मागें पडते. आम्हांला तें जाणवत नाहीं. ज्यांना जाणवेल त्यांनीं नवी घ्यावी. २०२४ च्या अखेरीस ओपनडब्ल्यूआरटीच्या मंडळींनीं स्वतःचीच एक पेटी काढली आहे, तिला परकायाप्रवेशाची गरज नाहीं.

कोणा वाचकास हा प्रयोग करावासा वाटला, तर आधीं आपला प्लग इन्व्हर्टरवर आहे कीं नाहीं तें पाहावें, कंपनीच्या जुन्या सॉफ्टवेअरची प्रत संग्रहीं ठेवावी, आणि इंटरनेट पुरविणाऱ्यानें भाड्यानें दिलेल्या पेटीला हात लावूं नये. ती आपली नव्हे. ज्या पेटींत अत्यंत थोडी स्मृति आहे, तिच्यांत आजचें लिनक्स मावत नाहीं. तेथें जुनी आवृत्ति घालून समाधान मानणें म्हणजे पुन्हां उघडें दार. अशी पेटी मोडींतच द्यावी.

आतां आमची पेटी रात्रीं दहानंतर मुलांच्या मोबाइलांना दाद देत नाहीं. ही सोय मीं मागून घेतली, आणि घरांतली माझी लोकप्रियता तेवढ्या प्रमाणांत उतरली. पेटीच्या मागच्या खांचेंत ताईनें एक पेनड्राइव्ह बसविला आहे. त्यांत दादांच्या जुन्या कॅसेटींवरून उतरविलेलें त्यांचें रुद्रपठण आहे. दादांना जाऊन सहा वर्षें झालीं. सोमवारीं सकाळीं वहिनी स्वयंपाकघरांत मोबाइल डब्याला टेंकून ठेवतात आणि तें ऐकत भाजी चिरतात.

यंदा खंडेनवमीला अडकित्ता, विळी आणि चिरंजीवांचा पाना यांच्या पंक्तीस वहिनींनीं पेटीलाही पाटावर बसविण्याचें म्हटलें. तार तेवढी पुरेना. मग फळीवरच तिला हळदकुंकू वाहिलें आणि वर झेंडूचें फूल ठेवलें. ताईनें तें उचलून जरा बाजूस सरकविलें. तेथें पेटीला वारा लागण्याचीं भोकें आहेत.