ट्यूब माईक घ्यायचाय? आधी पंखा बंद करून बघा



मागच्या आठवड्यात दुकानात एक मुलगा आला. तेवीस-चोवीस वर्षांचा, तालुक्याच्या गावात घराच्या माडीवर रेकॉर्डिंग स्टुडिओ काढायचाय म्हणाला. भजनी मंडळं, गणपतीची गाणी, रिक्षावर फिरवायच्या जाहिराती, असा धंदा डोक्यात आहे. धंदा वाईट नाही. मग त्याने मोबाईलवर एका ट्यूब कंडेन्सर माईकचा फोटो दाखवला. "दादा, हाच पाहिजे. ऐंशी हजारांपर्यंत जाऊ शकतो." पैसे कुठून आणणार, विचारलं. तर आईच्या पाटल्या गहाण ठेवणार होता.

मी त्या दिवशी त्याला माईक विकला नाही. साध्या माईकचे पाच नग विकून जेवढं सुटतं तेवढं मला त्या एका विक्रीत सुटलं असतं, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पण माझं मत पक्कं आहे. स्टुडिओचा पहिला माईक ट्यूबचा घेऊ नका, आणि कर्ज काढून तर अजिबात नको.

ट्यूब म्हणजे काय ते आधी बघू. जुन्या रेडिओत व्हॉल्व्ह असायचा, तोच. कंडेन्सर माईकच्या कॅप्सूलमधून निघणारा सिग्नल इतका नाजूक असतो की तो थेट लांब केबलमधून पाठवता येत नाही. त्याला सांभाळून बाहेर काढायचं काम माईकच्या आतलं सर्किट करतं. पूर्वी ते व्हॉल्व्हवर चालायचं. जर्मनीच्या न्यूमन कंपनीचे यू४७ आणि १९६० चा यू६७ हे त्यातले गाजलेले माईक. १९६७ मध्ये त्याच कंपनीने यू८७ आणला, त्यात ट्यूब नाही, ट्रान्झिस्टर आहे. आणि पुढे जगभरच्या स्टुडिओंत तोच जाऊन बसला. म्हणजे ट्यूब नाही तर माईक हलका, असं काही नसतं.

मग लोक म्हणतात तो भरीव, उबदार आवाज? असतो की. पण तो एकट्या ट्यूबमुळे येत नाही. कॅप्सूल, ट्रान्सफॉर्मर, सर्किट, सगळं मिळून तो आवाज बनतो. यू६७ ची कॅप्सूल मुळात वरचा भाग, म्हणजे आवाजाची चकाकी, उचलून धरते, आणि कंपनीने सर्किटमध्ये ती चकाकी पुन्हा खाली आणली होती. आज बरेच स्वस्त माईकवाले त्या कॅप्सूलची नक्कल करतात, पण सर्किटचा तो भाग सोडून देतात. मग ट्यूब असूनही आवाज टोचतो. आपल्या मराठीत तर स, श आहेतच, शिवाय 'चमचा'मधला च आणि 'जग'मधला ज सुद्धा दातांवरून येतो. असे शब्द भरलेलं वाक्य माईकसमोर बोलून बघा. सुई टोचल्यासारखं वाटलं तर डब्यावर 'वॉर्म' लिहिलेलं विसरा.

आता खोली. मोठ्या डायफ्रामचा कंडेन्सर माईक सगळं ऐकतो. पंखा, शेजारचा कुकर, रस्त्यावरचा भोंगा, आणि सगळ्यात वाईट म्हणजे रिकाम्या भिंतींवरून परत येणारा तुमचाच आवाज. खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीनंतर 'टँग' असं काही ऐकू आलं तर माईक कुठलाही आणा, ते रेकॉर्डिंगमध्ये येणारच. गाणाऱ्याच्या मागे आणि बाजूला जाड गोधड्या टांगा, गादी उभी करा. दिसायला गावठी दिसतं, गिऱ्हाईक हसेल, हसू दे. ऐंशी हजारांच्या माईकपेक्षा जास्त फरक तिथे पडतो.

आणि हिशोब. समजा ऐंशी हजारांत १८% जीएसटी धरलेला आहे. म्हणजे साधारण १२,२०० रुपये कर. तुमची जीएसटी नोंदणी नसेल तर तो परत मिळत नाही. तासाला ४०० रुपये घेतले तर नुसत्या माईकचे पैसे निघायलाच २०० तास. व्याज, वीज, तुमची मेहनत वेगळी. आता मला सांगा, कुठलं भजनी मंडळ "ट्यूब माईक आहे ना, मग ५०० घ्या" म्हणणार आहे? ते विचारतात, गाणं कधी देणार आणि पखवाज नीट ऐकू येईल ना.

मी स्वतः ही चूक केली आहे. काही वर्षांपूर्वी दुकानात डेमोसाठी एक ट्यूब माईक घेतला, जरा रुबाब म्हणून. ट्यूब माईकला स्वतःचा वेगळा पॉवर सप्लाय लागतो, इंटरफेसच्या ४८ व्होल्टवर तो चालत नाही. पहिल्याच पावसाळ्यात तो सप्लाय गेला. ज्यांच्याकडून घेतला त्यांनी पार्ट मागवायला चार महिने लावले. चार महिने माझे पैसे काचेच्या कपाटात शोभेला.

म्हणून घ्यायचाच असेल, खोली तयार आहे, कामं येतायत, गायक तसा आवाज मागतायत, तर दुकानदाराला हे विचारा. आत कुठली ट्यूब आहे? १२एएक्स७ असेल तर बरं, ती गिटारच्या अँपमध्येही वापरतात, त्यामुळे मिळते. यू४७ चं काय झालं माहितीये? तो व्हीएफ१४ नावाच्या एकाच ट्यूबवर अवलंबून होता. ती बनायची बंद झाली, साठा संपत आला, आणि इतका नावाजलेला माईकही बंद करावा लागला. एकाच सप्लायरवर धंदा उभा करू नका असं मी व्हिडिओत बोलतो ना, ते हेच. पॉवर सप्लायवर ११५ आणि २३० व्होल्टचं बटण असेल तर प्लग लावायच्या आधी ते २३० वर आहे का बघा. घरचं अर्थिंग तपासून घ्या, नाहीतर गाण्याखाली सतत 'हम्म' ऐकू येईल. आणि पावसाळ्यात माईक सिलिका जेल टाकून बंद डब्यात ठेवा, दमट हवेत कॅप्सूल तडतडते.

त्या मुलाला मी दोन माईक देणार आहे, एक साधा कंडेन्सर, एक ट्यूबवाला. शनिवारी घेऊन जाईल. त्याच्या मंडळाच्या बुवांचा एकच अभंग दोन्हीवर रेकॉर्ड करायचा, फाईलला फक्त 'एक' आणि 'दोन' नाव द्यायचं, आणि बुवांनाच विचारायचं कुठला आवडला. कुठला माईक कुठला ते आधी सांगायचं नाही. सोमवारी तो येऊन सांगेल. पाटल्या तोपर्यंत आईच्या हातातच राहू देत, एवढं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.