गच्चीवरचं ऊन सगळ्यांचं

कर्जतहून मुंबईला नोकरीला जाणाऱ्यांच्या घरात पहाटे चारलाच दिवे लागतात आणि पाठोपाठ गीझर. वीस बिऱ्हाडांनी २ किलोवॉटचे गीझर एकदम लावले, तर भार होतो ४० किलोवॉट. एवढी वीज कशासाठी, तर जे पाणी आदल्या दुपारी उन्हाने फुकट तापवून ठेवलं असतं, त्यासाठी.

खोपोलीत १९१५ साली आणि भिवपुरीत १९२२ साली टाटांची जलविद्युत केंद्रं सुरू झाली. घाटमाथ्यावर अडवलेल्या पावसाने मुंबईला वीज दिली. खालापूर-कर्जतने पावसाचं मोल शंभर वर्षांपूर्वी पाहिलं. गच्चीवरच्या उन्हाचं मोल मात्र आपण अजून ओळखत नाही.

आमच्या इमारतीत सौर बंब बसले, त्यामुळे खात्रीने सांगतो: यंत्र सोपं आहे. तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप टाकीत चढतं, गार पाणी खाली उतरतं, पंप लागत नाही. टाकीला पफचं (उष्णतारोधक फोमचं) जाड आवरण असल्याने पाणी पहाटेपर्यंत गरम राहतं. घरामागे १०० लिटर धरा. ६० अंशांच्या त्या पाण्यात जवळपास तेवढंच गार मिसळलं की आंघोळीच्या दहा बादल्या होतात. पावसाळ्यात ढग ठाण मांडतात, तेव्हा गीझर लागणारच. पण उरलेले आठ महिने आपले आहेत.

अवघड असतं ते एकमत. तळमजल्याचं म्हणणं रास्त होतं: वरून गरम पाणी येईस्तोवर बादलीभर गार पाणी वाया जाणार. शनिवार-रविवारपुरते येणारे विचारत होते, आम्ही वर्गणी का द्यायची? कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका शेजाऱ्यांनी पाइपांचा नकाशा काढला, उभ्या लाइनीला आवरण आणि परतीची लाइन सुचवली. त्यामुळे तळमजल्याची तक्रार मिटली. गच्ची सगळ्यांच्या मालकीची, म्हणून खर्चही सगळ्यांचा, हे सभेने ठरावात लिहून घेतलं. २,००० लिटर पाणी म्हणजे स्लॅबवर दोन टन वजन. त्यामुळे स्टँड कुठे उभे करायचे हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारूनच ठरलं. तरुण पोरांनी सुट्टीच्या दिवशी सामान वर चढवलं.

देखभालही वाटून घेतली आहे. बोअरच्या पाण्यात क्षार असतात. टाकीचा ड्रेन व्हॉल्व्ह उघडला की आधी पांढुरकं, गढूळ पाणी येतं. ते नितळ होईपर्यंत वाहू द्यायचं आणि काचेवरची धूळ पुसायची. मजल्यामागे पाळी लावली आहे. ही पाळी मोडली, तर महागातला बंबही निरुपयोगी होईल.

म्हणून सोसायट्यांना माझी कळकळीची विनंती आहे. कोटेशन नंतर मागवा. पाणी कसं वाटायचं, वर्गणी किती, देखभाल कुणाकडे, हे आधी ठरवा. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते. यंदाच्या विषयपत्रिकेवर हा विषय घाला. पाऊस ओसरताच काम सुरू केलं, तर थंडी पडायच्या आत तुमच्या नळाला उन्हाने तापलेलं पाणी येईल.