विश्लेषण : बॅकअपची डिस्क भरली, आता काय ठेवायचे, काय सोडायचे?

जागेचा हिशेब माहीमकरांना शिकवावा लागत नाही. लेडी जमशेटजी मार्गाच्या आतल्या गल्ल्यांमधील दोन खोल्यांच्या घरात माळ्यावर काय चढवायचे, गावी काय धाडायचे आणि भंगारवाल्याला काय द्यायचे, हे वर्षानुवर्षे ठरत आलेले असते. त्याच घरातल्या संगणकाला जोडलेल्या हार्ड डिस्कवर मात्र कोणी हात फिरवत नाही. ‘जागा अपुरी आहे’ अशी सूचना आली की ती बंद केली जाते, फार तर लॅमिंग्टन रोडवरून आणखी एक डिस्क येते. ती भरेपर्यंत पुन्हा शांतता. दरम्यान बॅकअप कधी थांबला, हे कोणाला कळत नाही. कळते ते संगणक बंद पडल्यावर.

एक टीबी इतक्या लवकर कशी संपते?

पहिली गोष्ट म्हणजे एक टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबीच दिसते. यात दुकानदाराने फसवलेले नसते. डिस्क बनवणारे एक हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १,०२४ च्या पटीत. फरक त्यातून पडतो.

खरी जागा खाते ती बॅकअप घेण्याची पद्धत. समजा, घरच्या संगणकावर २०० जीबी मजकूर आहे आणि दर रविवारी सगळ्याची पूर्ण प्रत नव्या फोल्डरमध्ये टाकली जाते. चार रविवारी ८०० जीबी गेले. पाचव्या रविवारी प्रत अर्ध्यावर अडते. याउलट पहिल्यांदा पूर्ण प्रत घेऊन पुढे फक्त बदललेल्या फाइल्स घेतल्या आणि रोजचा बदल एक जीबी धरला, तर वर्षअखेरीस २०० अधिक ३६५, म्हणजे ५६५ जीबी लागतात. तीच डिस्क एका पद्धतीने महिन्याभरात भरते, तर दुसऱ्या पद्धतीने वर्ष काढून वर साडेतीनशे जीबी मोकळी ठेवते. दुसऱ्या पद्धतीला एक धोका आहे. तिच्यात पुढची प्रत मागच्या प्रतीवर टेकलेली असते. मधला एक दुवा खराब झाला तर त्यापुढचे परत मिळवणे अवघड होते. म्हणून काही महिन्यांनी नव्याने पूर्ण प्रत घ्यावी आणि ती तपासल्यावरच जुनी साखळी पुसावी. एवढी जागा आधीपासून राखलेली हवी.

विंडोज आणि मॅक जुन्या प्रतींचे काय करतात?

मॅकमधील ‘टाइम मशीन’ २००७ मध्ये आले. ते मागच्या २४ तासांच्या तासातासाच्या, मागच्या महिन्याच्या रोजच्या आणि त्याआधीच्या आठवड्याच्या प्रती ठेवते; डिस्क भरली की सर्वांत जुनी प्रत काढते. अ‍ॅपलचा सल्ला आहे की त्यासाठीची डिस्क संगणकाच्या क्षमतेच्या किमान दुप्पट असावी. विंडोजमधील ‘फाइल हिस्ट्री’ सुरू केल्यावर दर तासाला बदललेल्या फाइल्स टिपते, पण जुन्या आवृत्त्या ‘कायम ठेवा’ अशी तिची मूळ मांडणी असते. लहान डिस्कचे गाडे इथेच अडते. त्याच ठिकाणी ‘जागा लागेपर्यंत’ हा पर्याय निवडता येतो. दोन मिनिटांचे काम, पण सेटिंगच्या पोटात दडलेले असल्याने बहुतेकांना ते सापडत नाही. अशी महत्त्वाची गोष्ट इतकी आत का ठेवावी, हे मायक्रोसॉफ्टलाच ठाऊक.

बाहेरच्या डिस्कवर टाकले, म्हणजे बॅकअप झाला?

नाही. घरोघरी होणारी ही सर्वांत महागडी चूक. संगणकात जागा नाही म्हणून मुलांच्या बारशापासूनचे फोटो बाहेरच्या डिस्कवर ‘हलवले’ जातात आणि त्याला बॅकअप म्हटले जाते. प्रत्यक्षात प्रत आधीही एकच होती, आताही एकच आहे. फक्त ती टेबलावरून सहज पडू शकेल अशा वस्तूत गेली. दोन ठिकाणी असेल तरच बॅकअप.

मग सोडायचे काय?

फाइल किती मोठी आहे, यापेक्षा ती गेली तर पुन्हा मिळेल का, हा प्रश्न आधी विचारावा. विंडोज, ऑफिस, गेम, डाउनलोड केलेले चित्रपट पुन्हा मिळतात. त्यांना बॅकअपमध्ये जागा नको. ‘डाउनलोड्स’ हा फोल्डर अनेक घरांत सर्वांत फुगलेला असतो. कामाच्या चार फाइल्स काढून घेतल्या की तो बॅकअपच्या यादीतून वगळता येतो. आधार, वाहन परवाना यांसारखी कागदपत्रे डिजिलॉकरमधून पुन्हा उतरवता येतात. आजीच्या हस्ताक्षरातील पाककृतींच्या वहीचे स्कॅन, जुनी सोसायटीची पत्रे, चाळीच्या खोलीच्या भाडेपावत्या मात्र कुठूनही परत येणार नाहीत. गंमत अशी की असे अनमोल कागद जागा फारच थोडी घेतात. एखाद्या घराचे सगळे कागद स्कॅन करून पाच-दहा जीबीत मावतात. म्हणजे जागा नाही म्हणून त्यांची प्रत राहिली, ही सबब टिकत नाही.

घरातून छोटा व्यवसाय चालत असेल तर हिशेबाच्या फाइल्स पहिल्या रांगेत हव्यात. जीएसटी कायद्यानुसार नोंदणीकृत व्यावसायिकाने त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने नोंदी जपायच्या असतात. संगणक बिघडला म्हणून ती जबाबदारी संपत नाही.

राहता राहिले व्हिडीओ. आयफोनवर फोर-के दर्जाचे चित्रण नेहमीच्या वेगाने, जागा वाचवणाऱ्या स्वरूपात केले तरी मिनिटाला सुमारे १७० एमबी लागतात, असे त्याच्या सेटिंगमध्येच लिहिलेले असते. तासाभराच्या मुंजीला दहा जीबी. तेच फुल एचडीत मिनिटाला सुमारे ६० एमबी. छोट्या पडद्यावर पाहायच्या घरगुती चित्रणाला फुल एचडी पुरते, तेव्हा मुळात चित्रण करतानाच हा पर्याय निवडणे शहाणपणाचे. फोटोंची झिप करून मात्र काही हाती लागत नाही. जेपेग फाइल आधीच दाबलेली असते. त्यापेक्षा एकाच पोजचे बारा फोटो आणि फोनमधून उतरलेले ‘शुभ सकाळ’ काढले तर जागा खरोखर मोकळी होते. हे काम कंटाळवाणे आहे. ते घरातल्या एकाच माणसावर पडते, हेही खरे.

क्लाउड आहे ना?

आहे, पण त्याचीही भिंत आता दिसते. गुगल फोटोजवरील अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी मोफत; अँड्रॉइडवरील व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. ती जागा भरली तर नवे मेलही येईनासे होतात. आयक्लाउड आणि वनड्राइव्ह पाच-पाच जीबी देतात. पाच जीबीत आयुष्याचे फोटो मावत नाहीत. पण वर सांगितलेले निवडक कागद नक्की मावतात.

शिवाय वनड्राइव्ह किंवा गुगल ड्राइव्हवरील फोल्डर मुळात ‘जुळवून’ ठेवलेला असतो. संगणकावर चुकून पुसलेली फाइल तिकडेही पुसली जाते आणि ३० दिवस कचरापेटीत राहते. महिन्याभरात कोणाच्या लक्षात आले नाही, तर ती गेली.

दुसरी प्रत ठेवायची कुठे?

मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरातील संगणकांवरच्या फाइल्सना कुलूप घातले. अशा हल्ल्यात संगणकाला सतत जोडून ठेवलेली डिस्कही सुटत नाही. म्हणून काम झाले की डिस्क काढून ठेवावी. पण ती त्याच टेबलाच्या खणात राहिली, तर पाणी आणि आग दोन्ही प्रती एकदम नेतात.

पाण्याचे काय होते, हे या परिसराला सांगायला नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. माहीमच्या खाडीतून समुद्राला मिळणारी मिठी नदी काठ सोडून वस्त्यांत शिरली. तळमजल्यावरच्या घरात अशा वेळी सर्वांत आधी बुडतो तो टेबलाखाली जमिनीवर ठेवलेला सीपीयू, आणि त्यानंतर खालचा खण. आगीचा दाखलाही मुंबईतलाच आहे. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत वरच्या मजल्यांवरील फायली जळाल्या आणि एकाच इमारतीत एकच प्रत ठेवण्याची किंमत राज्याला कळली.

उलट बाजूचा किस्सा पिक्सार या अ‍ॅनिमेशन कंपनीचा. १९९८ मध्ये ‘टॉय स्टोरी २’च्या बहुतांश फाइल्स एका चुकीच्या आदेशाने पुसल्या गेल्या. बॅकअप पाहायला गेले तर तो नीट होतच नव्हता. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या तांत्रिक दिग्दर्शिकेमुळे. नुकतेच बाळ झाल्याने त्या घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तो संगणक ब्लँकेटात गुंडाळून गाडीतून स्टुडिओत आणला गेला. एवढ्या मोठ्या कंपनीला जे जमले नाही, ते दुसऱ्या पत्त्यावरच्या एका प्रतीने केले.

माहीमच्या घराला यासाठी वेगळा खर्च लागत नाही. एक डिस्क घरी, दुसरी गिरगावच्या मावशीकडे किंवा वरच्या मजल्यावर राहणाऱ्या भावाकडे; गणपतीत आणि दिवाळीत भेट झाली की अदलाबदल. दुसऱ्याच्या घरी जाणाऱ्या डिस्कला पासवर्ड लावावा आणि तो पासवर्ड घरातल्या दोघांना माहीत असावा. खारी दमट हवा लक्षात घेऊन सिलिका जेलच्या पुडीसह झाकणाच्या डब्यात ठेवावी. पावसाळ्याआधी, मे महिन्यात, तिच्यातील चार-पाच फाइल्स दुसऱ्याच एखाद्या संगणकावर उघडून पाहाव्यात: एक जुना फोटो, एक व्हिडीओ, हिशेबाची फाइल. एकही उघडली नाही, तर नवी प्रत त्याच दिवशी काढायची. मावशीकडे जायला गणपतीची वाट पाहायची नाही.