दुसऱ्या गोळीचा भरवसा

मागच्या रब्बीत मुक्रमाबादकडच्या आमच्या शेतात चुलत भावासोबत जागलीला गेलो होतो. हरभरा घाट्यात आलेला. माळ्यावर दोघं, एक बॅटरी, एक पत्र्याचा डबा वाजवायला आणि त्याचा मोबाईल. रात्री एकच्या सुमाराला त्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला. टेक्सासमधला व्हिडिओ. थर्मल स्कोपमधून दिसणारी पांढरी डुकरं, काळं रान, आणि सेमी-ऑटोमॅटिक रायफलीचा टक-टक-टक आवाज. अर्ध्या मिनिटात सात डुकरं आडवी.

"दादा, असली एक भेटली ना, महिन्यात डुकरं संपतेत बघ."

हे वाक्य मी गेल्या दोन वर्षांत मुखेडात चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, कॉलेजच्या पोरांच्या ग्रुपवर इतक्या वेळा ऐकलंय की आता त्याच्याशी भांडायलाच हवं. भावाशी नाही. त्याचं अर्धा एकर सोयाबीन एका रात्रीत नांगरल्यासारखं उलथलेलं मी पाहिलंय. त्याचा राग खरा आहे. राग जिकडं वळवला जातोय ती दिशा खोटी आहे.

आधी बंदुकीची बाजू प्रामाणिकपणे मांडतो, कारण तिच्याविरुद्ध बोलणारे बरेच जण अर्धवट बोलतात. सेमी-ऑटोचा नेम लागत नाही, ती अडकते, खरा शिकारी बोल्ट-ॲक्शनच वापरतो, ही जुन्या लोकांची टेप आता घासली आहे. बोल्ट-ॲक्शनमध्ये प्रत्येक गोळीनंतर हातानं बोल्ट मागं ओढायचा आणि पुढं ढकलायचा. सेमी-ऑटोमध्ये हे काम बंदूक स्वतः करते. बहुतेक रायफलींत गोळी नळीतून जाताना तिच्या मागचा थोडा वायू एका बारीक छिद्रातून बाहेर घेतात. त्या दाबानं बोल्ट मागं जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, मॅगझिनमधलं नवं काडतूस नळीत बसतं. चाप मात्र दर गोळीला वेगळा ओढावा लागतो. हलणारे भाग जास्त, म्हणून घाण, ओल आणि हलक्या दर्जाचं काडतूस तिला लवकर बाधतं. बोल्ट-ॲक्शनमध्ये पुंगळी फसली तर मनगटाचा जोर लावता येतो, इथं तेवढी सोय नाही. पण चांगली बनवलेली, नीट साफ केलेली आजची सेमी-ऑटो रायफल शंभर मीटरवर दीड-दोन इंचाच्या वर्तुळात गोळ्या टाकते. रानडुकराच्या काळीज-फुफ्फुसाची जागा जवळजवळ वीतभर. म्हणजे बंदूक पुरेशी अचूक आहे. शिकारीच्या सेमी-ऑटो रायफली 1900 नंतरच्या पहिल्याच दशकात अमेरिकेत बाजारात आल्या होत्या. शंभर वर्षांत यंत्र सुधारलं. वाद इथं संपला.

मग माझं भांडण कशाशी? दुसऱ्या गोळीच्या भरवशाशी.

सेमी-ऑटोचं सगळं आकर्षण 'चुकलं तर लगेच दुसरी' यात आहे. पण मोठं जनावर मरतं ते पहिल्या गोळीनं. पहिली नीट लागली तर दुसरीची गरज क्वचित पडते. पहिली पोटात किंवा मांडीत लागली तर पुढच्या तीन गोळ्या पळणाऱ्या अंधारावर मारल्या जातात. जखमी डुक्कर तुरीत शिरतं, आणि सकाळी त्याच तुरीत बाया शेंगा तोडायला जातात. बंदूकप्रेमी देशांनाही हे कळतं. जर्मनीत शिकारीच्या सेमी-ऑटोमध्ये तीनपेक्षा जास्त काडतुसं भरता येत नाहीत. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात, जिथं हरणाची शिकार जवळपास सण आहे, तिथं 2017 साली छोट्या शिकारीसाठी सेमी-ऑटो रायफल खुली केली आणि मोठ्या जनावरांसाठी मात्र बंदच ठेवली. तिथल्या लोकांना यंत्रावर शंका नव्हती. चाप ओढायला सोपा झाला की माणूस घाईत ओढतो, ही धास्ती होती.

आणि तो टेक्सास! तिथं 2011 साली हेलिकॉप्टरमधून डुकरं मारायलाही कायद्यानं परवानगी दिली. रायफली आहेत, थर्मल आहेत, हेलिकॉप्टर आहेत, मारायला पैसे भरून येणारे हौशी आहेत. डुकरं अजूनही लाखोंनी आहेत. संख्या नुसती जागच्या जागी ठेवायची तरी दरवर्षी दोन तृतीयांशाच्या आसपास डुकरं काढावी लागतील, असं तिथलेच अभ्यासक सांगतात. मादी एका वेताला पाच-सहा पिल्लं देते. भावाच्या 'महिन्यात संपतेत'चं गणित तिथंच फसतं. व्हिडिओत मेलेली सात दिसतात, पळालेली पंधरा स्कोपच्या बाहेर असतात.

टेक्सासच्या त्या रानात मैलभर माणूस नसतो हेही व्हिडिओ सांगत नाही. आपल्याकडं हरभऱ्याच्या हंगामात रात्री कुठल्याही माळ्यावर उभं राहून बघा, दर दोन-चार शेतांआड एक बॅटरी हलताना दिसते. ताकदवान रायफलीची चुकलेली गोळी काही किलोमीटर जाऊ शकते. टेकडीवर अडली तर नशीब. नाही अडली तर तिच्या वाटेत बाऱ्हाळीचा कुणीतरी जागलीला बसलेला असतो.

कायद्याचं एका दमात सांगतो. 2016 च्या शस्त्र नियमांत सेमी-ऑटोमॅटिक बंदुका निर्बंधित वर्गात आहेत. सामान्य परवान्यावर मिळते ती बारा बोअर, नाहीतर सरकारी कारखान्याची .315 बोल्ट-ॲक्शन. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका. रानडुक्कर आणि रोही मारायला वन्यजीव कायद्याच्या कलम 11 खाली परवानगी मागता येते. म्हणजे वाट आहे, पण कागदाची. तो कागद घेऊन मी एका कार्यालयात तीन खेपा घातल्यात. पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर, दुसऱ्यांदा अर्जाचा नमुना बदललेला, तिसऱ्यांदा विचारलं, 'मारणार कोण?' प्रश्न बरोबर होता. आमच्या गावात परवान्याची बंदूक असलेले दोन म्हातारे आहेत, आणि दोघांनाही मोतीबिंदू.

बंदूक उत्तम चालली आणि बाकी सगळं अडकलं, असं उदाहरण हवं असेल तर लांब जायला नको. यवतमाळ जिल्ह्यातली अवनी, सरकारी भाषेत टी-1. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेली वाघीण. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री हैदराबादहून आलेल्या खासगी नेमबाजाच्या एका गोळीत ती मेली. एकाच. अचूकतेवर कोण बोट ठेवणार? पण बेशुद्धीचा डार्ट खरंच बंदुकीतून सुटला की नंतर हातानं टोचला, पशुवैद्यक सोबत का नव्हता, गोळी लागताना तिचं तोंड दुसरीकडं कसं, यावर चौकशी बसली. आणि ज्या गावांतली माणसं गेली होती ती दोन वर्षं जीव मुठीत धरून का जगली, हा प्रश्न त्या गदारोळात कोपऱ्यात गेला. सगळा महाराष्ट्र नेमबाजावर बोलत होता.

बिहारातही तेच. 2016 साली मोकामा भागात नेमबाज बोलावून अडीचशेच्या आसपास नीलगायी मारल्या, दिल्लीत दोन केंद्रीय मंत्री एकमेकांवर तुटून पडले. बातमी गोळ्यांची झाली, पिकाची नाही.

म्हणून मला ही सेमी-ऑटोची मागणी शेतकऱ्याची वाटत नाही. ती सगळ्यांना परवडणारी मागणी आहे. ती कधीच मंजूर होणार नाही हे मागणाऱ्या पुढाऱ्याला माहीत असतं, त्यामुळं भाषण फुकट पडतं. पंचनामा वेळेत करा, नुकसानीचा दर बाजारभावाला धरून ठेवा, गटानं सौरकुंपण घ्यायला पैसे द्या, परवानगीसोबत प्रशिक्षित नेमबाजही तालुक्यात ठेवा, असं मागितलं तर कुणाला तरी उत्तर द्यावं लागेल. 2025 च्या नोव्हेंबरात केंद्रानं वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान पीकविम्यात घेण्याचं जाहीर केलं, 2026 च्या खरिपापासून. 72 तासांत ॲपवर फोटोसकट कळवायचं. भावाच्या शेतात व्हिडिओ बघण्यापुरती रेंज माळ्यावर चढल्यावर येते. खाली बांधावर, जिथं नुकसान असतं, तिथं येत नाही. यावर मोर्चा काढायला कुणी तयार आहे का? रायफलीसाठी म्हटलं तर वीस पोरं आत्ता निघतील.

हे सगळं मी त्याला त्या रात्री बोललो, इतक्या सलग नाही. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "तुझं खरंय दादा. पण पिकाला आज राखावं लागतंय ना."

त्यावर माझ्याकडं काही नव्हतं. चारच्या सुमाराला थंडी वाढली तसे खाली उतरलो. मी सवयीनं बांधानं निघालो, तर त्यानं दंड धरून मागं ओढलं.

"तिकडून नको. शेजाऱ्यानं तारंत करंट सोडलाय."

"किती दिवस झाले?"

"दिवाळीपासून."

आम्ही रस्त्यानं, लांबच्या फेऱ्यानं घरी आलो.