संपाचा पिच्चर

डिसेंबरात पुण्यातल्या एका मॅनेजमेंट कॉलेजने मला गेस्ट लेक्चरला बोलावलं. विषय होता, सिनेमातून औद्योगिक संबंध. माझी डिग्री मास कम्युनिकेशनची. लेबर लॉ आमच्या सात पिढ्यांत कुणी वाचलेला नाही. पण तिथल्या मॅडम म्हणाल्या, "कायदा आम्ही शिकवतो, तेव्हा मुलं झोपतात. तुम्ही फक्त सिनेमा दाखवा." मानधन मिळणार असेल तर फ्रीलान्सर वेठबिगारीवरही बोलतो. गेले.

सुरुवात 'नमक हराम'ने केली. १९७३ चा, हृषिकेश मुखर्जींचा. गिरणीमालकाचा मुलगा विकी (अमिताभ) युनियन लीडरचा अपमान करतो, कामगार बिथरतात, त्याला माफी मागावी लागते. मग सूड म्हणून तो जिवलग दोस्त सोमूला (राजेश खन्ना) कामगार बनवून वस्तीत पाठवतो. हेतू हा की त्याने जुन्या लीडरची खुर्ची काढून घ्यावी. वर्गाला दोस्तीची ट्रॅजेडी दिसली. मी विचारलं, मॅनेजमेंटने आपला माणूस युनियनमध्ये पेरला, हे चालतं का? शांतता. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात मालकधार्जिणी युनियन उभी करणं ही चक्क 'अनुचित कामगार प्रथा' आहे. (हे मला आदल्या रात्रीच कळलं होतं. चेहऱ्यावर दाखवलं नाही.)

मग 'लालबाग परळ'. महेश मांजरेकरांचा, २०१० चा, जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकावरचा. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप, सुमारे अडीच लाख कामगार आणि त्यात उद्ध्वस्त होणारं एक घर. सिनेमा घरातच राहतो आणि तेच त्याचं बळ आहे. पण कायद्याची मेख त्यात शोधत बसावी लागते. मेख अशी: कामगार उभे होते दत्ता सामंतांमागे, आणि तेव्हाच्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने बोलणी करायचा हक्क दिला होता राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. ज्याच्याशी बोलायचं त्याच्यामागे माणसं नाहीत, ज्याच्यामागे माणसं आहेत त्याच्याशी बोलायचं नाही! २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेत, अनेक संघटना असतील तर किमान ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा ज्या संघटनेला, तिच्याशी वाटाघाटी, असा नियम आहे. आणि संपाआधी किमान १४ दिवसांची नोटीस.

पुढे ग्रुप ॲक्टिव्हिटी. म्हटलं, तुम्ही १९८२ साली आहात, संप मिटवा. पोरांनी दहा मिनिटांत मिटवला. गोल्डन हँडशेक, ओपन कम्युनिकेशन, स्किल ट्रेनिंग, शेवटच्या स्लाइडवर हस्तांदोलनाचा फोटो. सगळे ग्रुप मॅनेजमेंटच्याच बाजूने बसले होते, कुणी सांगितलं नव्हतं तरी. जो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, तो लंच ब्रेकच्या आत खल्लास. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

संक्रांतीला घरी गेले. घर म्हणजे तेल्हारा, अकोला जिल्हा, कापसाचा मुलूख. काका जिनिंगमध्ये मुकादम होता. आता थकलाय, पण हंगामात पोरं त्यालाच विचारायला येतात. पुढच्या बॅचसाठी मी लॅपटॉपवर क्लिपा कापत होते, तो मागे येऊन बसला. बराच वेळ गप्प. मग म्हणाला,

"हे लोकं सालभर खात काय होते वं?"

मी म्हटलं, बरेच जण गावाला गेले. कोकणात, साताऱ्याकडे. गावच्या शेतीवर दिवस काढले.

"हां. मंग मालकाचं काय अडलं होतं?"

फार काही नाही, मी सांगितलं. तेव्हा मंदी होती, गोदामं न विकलेल्या कापडाने भरलेली होती. काका नुसता हसला. "मंग थो संप कोनाचा झाला?"

मग त्याने मला जे शिकवलं, ते ग्रुप ॲक्टिव्हिटीत आलं नव्हतं. दिवाळीनंतर जिनच्या आवारात कापसाच्या गंज्या उघड्यावर असतात. आभाळ आलं की जिनवाल्याला घाम फुटतो. रेचे थांबले, तर तिकडे गाठींचा सौदा बोंबलतो. "तव्हा रोजी वाढवा म्हटलं का मालक खुर्ची देते बसाले. मे महिन्यात म्हना, कुत्रं बी इचारत नाही." त्याने आयुष्यात तीनदा काम थांबवलं होतं, तिन्ही वेळा नोव्हेंबर-डिसेंबरात. दोनदा रोजी वाढली. तिसऱ्यांदा मालकाने बाहेरगावची टोळी आणली, आणि त्या वर्षी काकूच्या पाटल्या गेल्या. हे तो मान वळवून, दाराकडे बघत बोलला. पाटल्यांचं मला आजवर माहीत नव्हतं.

"अन् अचलपूरची फिनले?" तो म्हणाला. "थ्या लोकायनं तं संप केलाच नोता."

गिरणगावातली फिनले मिल राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने आमच्या वऱ्हाडात अचलपूरला आणली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तिथली चाकं थांबली.

पुढच्या बॅचला मी आधी कोरा कागद देणार आहे. त्यावर सिनेमातल्या त्या घराचा महिन्याचा खर्च लिहायचा, भाडं, रेशन, औषधं. शेजारी मालकाच्या गोदामातला माल. कोण किती महिने काढेल? मग सिनेमा. मॅडमना मेल केली तर त्यांचं उत्तर आलं, "छान! पण हे सिलॅबसमध्ये कुठे बसवायचं?"

काकाने मात्र 'लालबाग परळ' पेनड्राइव्हवर मागून घेतलाय. पोरांना दाखवणार म्हणतो. मे महिन्यात.