‘नको’ म्हणायची सोय

निलंगा, जि. लातूर – ४१३५२१

संगणकाची प्रणाली बनवणाऱ्या कंपनीच्या प्रमुखांस,

स. न. वि. वि.

नाव घेत नाही. पत्र कुणाला आहे ते तुम्हाला कळेल, आणि ज्यांच्या घरी संगणक आहे त्यांनाही.

संगणक रोख पैसे मोजून घेतला. तुमच्या प्रणालीची किंमत त्यातच होती. पहिल्या दिवशी मागितलं ते सगळं दिलं : ई-मेल, पासवर्ड, मोबाईल नंबर. तरी अधूनमधून सकाळी अख्खा पडदा झाकून तुम्ही हजर. संगणकाची मांडणी अपुरी राहिलीय म्हणे, चला पूर्ण करू. काय अपुरं? फायली तुमच्याकडं ठेवायच्या, ब्राउझर तुमचा नेमायचा, फोन जोडायचा, सॉफ्टवेअरची वर्गणी भरायची. यात माझं काहीच अपुरं नाही साहेब, तुमची विक्री अपुरी आहे.

आणि उत्तरं दोनच. ‘पुढे’चं ठसठशीत बटण, नाहीतर ‘तीन दिवसांनी आठवण करा’. आमच्याकडं पंगतीत आग्रह होतो, भरपूर होतो. पण ताटावर हात आडवा धरला की वाढणारा पुढच्या पानाकडं जातो. तुमच्यासमोर हात आडवा धरायचा कुठं?

२०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. लातूर पॅटर्नच्या इतक्या जवळ राहणाऱ्या घरात त्या अर्जाची धास्ती काय असते ते तुम्हाला कोण सांगणार! लेकीचा अर्ज भरायला तिची आई बसली, आणि समोर तुमचा इंग्रजी पडदा. तिला वाटलं, अर्जाचीच पहिली पायरी. तिनं ‘पुढे’ दाबलं. लग्नाचे फोटो, जातीचा दाखला, सातबारा, सगळं तुमच्याकडं चढायला लागलं, आणि हॉटस्पॉटवरचा दिवसभराचा डेटा दुपारच्या आत संपला. वर पाच जीबीची फुकट जागा भरली म्हणून जादा जागा विकत घ्यायची सूचना. विचारल्यासारखं करून घेतलंत, याचं दुःख जास्त आहे.

बंद करायची सोय आहे, हे पुण्याच्या भाच्याकडून कळलं. सेटिंग्ज, सिस्टिम, नोटिफिकेशन्स, मग पार तळाशी ‘अ‍ॅडिशनल सेटिंग्ज’. तिथं तीन चौकोन. माझ्या संगणकावर त्यांत बरोबरच्या खुणा आधीच केलेल्या होत्या, त्या काढल्या. (वाचकांनीही काढाव्यात.) विचारायला अख्खा पडदा आणि नकाराला तळघर, हा हिशेब कुणी बसवला?

कायद्याचंही थोडं वाचलंय. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत फसवणुकीच्या १३ तऱ्हा आहेत आणि सतत टोचत राहणं ही त्यांतली एक. नोटिफिकेशन सुरू करा म्हणून पुन्हापुन्हा विचारायचं आणि ‘नाही’चा पर्याय ठेवायचा नाही, हे उदाहरणच तिथं दिलंय. तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या करता येते. त्यासाठी संगणक उघडावा लागतो, ही गंमत वेगळी.

सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. युरोपात डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्टची बंधनं मार्च २०२४ पासून तुमच्यावर लागू झाली, आणि तिथल्या गिऱ्हाइकाला तुम्ही तुमचा ब्राउझर काढून टाकायची मुभा दिलीत. म्हणजे जमतं तुम्हाला. प्रणाली तीच, कंपनी तीच. तिथं सरकारनं डोळे वटारले की दार उघडतं, आणि निलंग्यातल्या माणसानं तीन-तीन दिवसांच्या मुदती घेत बसायचं?

फुकट काही मागत नाही. ‘तीन दिवसांनी’च्या शेजारी, त्याच आकाराचं, ‘कधीच नको’ असं बटण द्या. मराठीत द्या. आणि ते दाबल्यावर ‘नक्की का?’ म्हणून विचारू नका.

आपला,
पैसे भरलेला एक गिऱ्हाईक

ता. क. : उत्तर द्यायचं झालं तर पोस्टानं पाठवा. पडद्यावर नको.